सुवर्ण आठवड्यात एकटीच शीआनला? जा, पण आधी पासपोर्टचं बघ

प्रिय ताई,

माझं वय ३४. मी मूळची सांगलीची, लग्नानंतर पुण्याची. नवऱ्याला कंपनीने दोन वर्षांसाठी चीनमध्ये सुझौला पाठवलंय, म्हणून फेब्रुवारीपासून मीही इथे आहे. विद्यापीठात चिनी भाषेच्या वर्गाला जाते. बाजारहाट, टॅक्सी, ‘हे केवढ्याला’ इतपत जमतं. १ ऑक्टोबरला इथला राष्ट्रीय दिन असतो आणि तो आठवडाभर, ज्याला सुवर्ण आठवडा म्हणतात, आम्हाला सुट्टी आहे. पण कारखाना बंद असतानाच नवी मशिनं बसवायची असल्यामुळे नवरा नेमका तेव्हाच अडकलाय. मला शीआनला जायचंय. प्राचीन सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले ते मातीचे सैनिक, शहराभोवतीची ती भिंत, शाळेत इतिहासात वाचलेला ह्युएनत्संग. टूर कंपनी नको, एकटीच. वर्गातल्या बाई म्हणाल्या, ‘रन शान रन हाय’, त्या आठवड्यात घराबाहेर पडू नकोस. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, ‘परक्या मुलखात, सणासुदीच्या गर्दीत, बाईमाणूस एकटी?’ नवरा म्हणतो तुझं तू ठरव. हे ‘जा’ आहे की ‘नको’ तेच कळत नाही. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. ८ तारखेला सकाळी वर्ग आहे, त्यामुळे तारखा पुढे ढकलता येत नाहीत. जाऊ का?

वैशाली (नाव बदललं आहे), सुझौ

प्रिय वैशाली,

जा.

तेवढंच लिहून थांबले असते, पण तुझ्या वर्गातल्या बाई अतिशयोक्ती करत नाहीयेत. रन शान रन हाय म्हणजे माणसांचे डोंगर आणि माणसांचा समुद्र. चीनमध्ये काढलेल्या वर्षांपैकी पहिल्या वर्षी मी या शब्दांना हसले होते. लक्ष्मी रोडवर रात्रभर उभं राहून विसर्जनाची मिरवणूक पाहिलेली, दादरला संध्याकाळी सहाला लोकलमध्ये चढलेली बाई मी. मला कसली गर्दी सांगता? मग ३ ऑक्टोबरला हांगचौला गेले. तिथल्या पश्चिम सरोवरावर तुटका पूल नावाचा एक पूल आहे. नावातच तुटका, पूल चांगला धडधाकट आहे. एरवी दोन-तीन मिनिटांत ओलांडावा, त्या दिवशी मला पाऊण तास लागला. धक्का कुणी दिला नाही, शिट्टी कुणी मारली नाही. सगळे आपले मुंगीच्या पावलाने पुढे सरकतायत, बापांच्या खांद्यांवर पोरं, आणि पुलावर आहोत हे कळायला पाण्याचा एक थेंबही दिसत नव्हता.

पण खरी फजिती झाली ती पुलाच्या आधी आणि नंतर. ज्या चहाच्या संग्रहालयात जायचं होतं तिथे त्या दिवसाची नोंदणी कधीच भरलेली. परतीच्या गाडीचं तिकीट नाही. आणि रात्री अकराला हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी माझा निळा पासपोर्ट उलटसुलट करत म्हणतेय, परदेशी माणसाची नोंद आमच्या सिस्टिममध्ये होत नाही. पैसे भरलेले, बुकिंग दाखवलेलं, तरी बॅग घेऊन रस्त्यावर.

म्हणून सांगते, तुझी खरी अडचण गर्दीची नाही. आपल्याकडे गर्दी म्हणजे कोपर. जागा नसली तरी ‘सरका हो जरा’ म्हणत आपण आत शिरतो, तिकीट नसलं तरी टीसीशी बोलून काहीतरी होतं. चीनमधली सुट्टीची गर्दी आधी मोबाइलमध्ये होते आणि मग रस्त्यावर येते. गाडी, हॉटेल, संग्रहालय, सगळं नावानिशी आणि ओळखपत्राच्या नंबरानिशी आधीच वाटून झालेलं असतं. तिथे गेल्यावर बघू, हे आपलं आवडतं वाक्य त्या सात दिवसांत चालत नाही. एकटीने फिरायचं म्हणजे टूर कंपनीचा माणूस जे पंधरा दिवस आधी करून ठेवतो ते तू करायचंस. ते केलंस तर पुढचं सगळं सोपं आहे, आणि खरं सांगायचं तर मजेचं आहे.

आधी ही सुट्टी कशी तयार होते ते समजून घे, कारण तारखांचं गणित त्यातच आहे. कायद्याने मूळ सुट्टी १ ऑक्टोबरपासूनचे मोजकेच दिवस. १९९९ पासून आजूबाजूचे शनिवार-रविवार इकडचे तिकडे करून ते सात दिवस सलग जोडतात, आणि मध्य-शरद सण जवळ आला तर आठ होतात. उसने घेतलेले दिवस मग एखाद्या शनिवारी-रविवारी काम करून फेडायचे असतात. तुमच्या विद्यापीठात सप्टेंबरच्या शेवटी रविवारी वर्ग लागला तर चकित होऊ नकोस. या व्यवस्थेमुळे अख्खा देश एकाच संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि एकाच दुपारी परततो. ३० सप्टेंबरची संध्याकाळ आणि १ तारखेची सकाळ ही जाण्याची भरती, ६ आणि ७ ही परतीची. तुला ८ ला वर्ग आहे म्हणजे भरती पूर्ण टाळता येणार नाही, पण तिच्या बाजूने जाता येईल. १ तारखेला रात्री निघ आणि ५ ला संध्याकाळी परत फीर. दिवसाच्या वेगवान गाडीने सुझौहून शीआन सहा-सात तास, पण रात्रीची शयनयान गाडी मिळाली तर तीच घे. लोळत जाशील, एका रात्रीचं हॉटेल वाचेल आणि २ तारखेला सकाळी शीआनमध्ये असशील. ६ आणि ७ ला घरी राहा. नवऱ्याच्या मशिनी तोवर बसलेल्या असतील, निदान एक दुपार तरी दोघं मिळून काढाल.

तिकिटं प्रवासाचा दिवस धरून पंधरा दिवस आधी उघडतात. १ ऑक्टोबरचं तिकीट १७ सप्टेंबरला, ५ चं २१ ला. कुठल्या स्टेशनची विक्री किती वाजता उघडते ते रेल्वेच्या १२३०६ ॲपवर आधीच दिलेलं असतं, आणि वेळ प्रत्येक स्टेशनची वेगळी असते. त्या मिनिटाला बोट तयार ठेव. आता जे सांगते ते आजच कर. या ॲपवर परदेशी माणसाला आधी पासपोर्टची पडताळणी करून घ्यावी लागते. पासपोर्टचा फोटो पाठवायचा आणि मंजुरीची वाट बघायची, त्यात काही दिवस जातात. १६ सप्टेंबरच्या रात्री हे सुरू करणारे कितीतरी परदेशी विद्यार्थी दर वर्षी १७ ला सकाळी कपाळावर हात मारून बसतात. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच टाक. आपल्याकडे पासपोर्टवर नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मध्ये घुसलेलं असतं. ते ॲपमध्ये एका ठिकाणी टाकलं आणि हॉटेलला दुसरीकडे टाळलं की प्रत्येक खिडकीवर ‘ही तूच का’ हा प्रश्न येतो. एकदा काय ते ठरव आणि सगळीकडे तसंच लिही.

तिकीट संपलं असं दिसलं तर लगेच हातपाय गाळू नकोस. ‘हौ-बू’ म्हणून प्रतीक्षायादी असते. पैसे आधी भरून ठेवायचे, कुणी रद्द केलं की आपोआप लागतं, नाही लागलं तर पैसे परत. रेल्वे जादा गाड्या सोडते, त्यांच्या जागाही या यादीला मिळतात. माझा अनुभव चांगला आहे. दुसरा उपाय थोडा खर्चिक आहे. शीआनपर्यंतचं नसेल तर त्याच गाडीचं पुढच्या एखाद्या गावापर्यंतचं बघ. लांबच्या तिकिटावर अलीकडे उतरायला हरकत नसते. उलटं मात्र करू नकोस. जवळचं तिकीट काढून पुढे बसून राहायचं आणि गाडीत फरक भरायचा, हा खेळ सुट्टीच्या दिवसांत अंगाशी येतो. स्टेशनवर स्वयंचलित दारात तुझा पासपोर्ट चालला नाही तर कडेच्या माणूस असलेल्या रांगेत जायचं. हे तू सुझौत पाहिलंच असशील.

हॉटेलचं मघाशी सांगितलं. परदेशी पाहुण्याला नाही म्हणू नका असं वरून सांगितलेलं असलं, तरी छोट्या हॉटेलातल्या रात्रपाळीच्या पोरीला पासपोर्टची नोंद करायला कुणी शिकवलेलं नसतं. आणि ती नोंद पोलिसांकडे जायची असते, म्हणून ती बिचारी घाबरते. बुकिंग केल्यावर लगेच त्यांना निरोप पाठव: ‘हू-जाओ नंग रू-जू मा?’ पासपोर्टवर राहता येईल का, एवढंच. त्यांचं ‘नंग’, म्हणजे ‘येईल’, आलं की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव. जागा कुठे घ्यायची? भिंतीच्या आत घंटाघराजवळ राहायचा मोह होईल. त्या आठवड्यात तिथले भाव बघून मोह आपोआप उतरेल. मेट्रोची दोन नंबरची लाइन धर. वेगवान गाड्यांचं शीआन उत्तर स्टेशन तिच्यावर, घंटाघर तिच्यावर, दक्षिण दरवाजाही तिच्यावर. भिंतीच्या उत्तरेला त्या लाइनीवर कुठेही राहिलीस तरी चालेल. संध्याकाळी सगळी गर्दी दक्षिणेला असते, तू निवांत घरी येशील.

आता मातीचे सैनिक. काही जाणकार तुला सांगतील, त्या आठवड्यात तिकडे फिरकू नकोस. मला ते पटत नाही. सांगलीहून निघालेल्या मुलीने शीआनपर्यंत जाऊन मातीचे सैनिक न पाहता परत यायचं, आणि आयुष्यभर ‘गर्दी होती म्हणून’ असं सांगत बसायचं? बघ, पण एकच अर्धा दिवस दे, आणि ४ तारखेची दुपार दे. तिकीट नावानिशी, आधी नोंदवलेलं. संग्रहालयाच्या अधिकृत वीचॅट (चीनमधलं व्हॉट्सॲपच म्हण) खात्यावर ओळखपत्राच्या जागी चिनी ओळखपत्र आधीच निवडलेलं असतं, ते बदलून ‘हू-जाओ’, म्हणजे पासपोर्ट, कर, नाहीतर तुझा नंबर चुकीचा म्हणून तो फॉर्म पुढेच सरकणार नाही. सकाळी बसेस भरभरून येणाऱ्या सहली दुपारी तीननंतर ओसरू लागतात. मेट्रोच्या नऊ नंबरच्या लाइनीने हुआचिंग स्टेशनपर्यंत जायचं आणि तिथून सरकारी बस. रेल्वे स्टेशनबाहेर कुणी ‘बिंगमायोंग, बिंगमायोंग’ (म्हणजे हेच मातीचे सैनिक) ओरडत बाही धरली तर पुढे चालू लाग. वाटेत भलतीकडेच नेऊन सिमेंटचे पुतळे दाखवण्याचा धंदा तिथे जुना आहे.

सैनिक जिथे उभे आहेत त्या पहिल्या खड्ड्याच्या कठड्याशी माणसांच्या सात-आठ रांगा असतील आणि सगळ्यांचे हात वर, हातात फोन. समोर जायचा हट्ट करू नकोस. कडेने चालत मागच्या टोकाला जा. तिथे तुटलेले सैनिक जोडण्याचं काम चालतं. कुणाला अजून डोकं नाही, कुणाच्या छातीवर खडूने नंबर, कुणाला पट्ट्यांनी बांधून ठेवलेलं. मला तर समोरच्या शिस्तीतल्या पलटणीपेक्षा ही जखमी मंडळी जास्त आवडतात. मार्च १९७४ मध्ये दुष्काळात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला ही माणसं लागली. पाण्यासाठी खणलं आणि फौज निघाली. आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला ही गोष्ट दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळावी.

प्रांताच्या इतिहास संग्रहालयाचं फुकट तिकीट मिळवायचा एकदा प्रयत्न कर, नाही मिळालं तर सोडून दे. दलालाकडून घेऊ नकोस, नाव जुळत नाही आणि दारातून परत पाठवतात.

भिंतीवर मात्र सावकाश वेळ काढ. मिंग काळातली, जवळजवळ चौदा किलोमीटरची, पूर्ण शहराभोवती फिरणारी आणि वर इतकी रुंद की दोन ट्रक शेजारून जावेत. सगळे दक्षिणेच्या योंगनिंग दरवाजातून चढतात आणि भाड्याच्या सायकलींसाठी तिथेच रांग लावतात. तू त्याच दक्षिण भिंतीतल्या, जरा पश्चिमेकडच्या हानग्वांग दरवाजातून सकाळी चढ. सायकल नाही मिळाली तर चाल, एका बाजूचा तुकडा पुरे. आणि उतरल्यावर लगेच मेट्रोकडे पळू नकोस. भिंत आणि खंदक यांच्यामध्ये एक लांबलचक बाग आहे, तिला तिकीट नाही. तिथे सकाळी शहरातले म्हातारे जमतात. कुणी चाबकाने मोठाले भोवरे फिरवतं, आवाज असा की दचकावं. कुणी पक्ष्यांचे पिंजरे फांदीला टांगून गप्पा मारतं. दोन-तीन ठिकाणी छिनछ्यांग चालू असतं, म्हणजे त्या प्रांताचं संगीत नाटक. एक आजोबा दोन तारांचं वाद्य मांडीवर घेऊन, एक आजी कंबरेवर हात ठेवून, आणि मग ती जो सूर लावते तो गाणं कमी आणि शिवारातून मारलेली हाक जास्त. राष्ट्रीय सुट्टी असो की नसो, ही मंडळी रोज असतात. त्यांच्यातलं कुणी तुला ‘ईंदू?’ म्हणून विचारेल. हो म्हण आणि बस.

संध्याकाळी घंटाघराशी एकदा जा, कारण गर्दी कशी हाताळतात ते तिथे दिसतं. घंटाघर १३८४ सालचं. शहर पूर्वेला सरकलं म्हणून १५८२ मध्ये त्यांनी अख्खी इमारत उचलून आत्ताच्या चौकात आणली. खाली गोल भुयारी मार्ग आहे. सुट्टीत तो एकेरी करतात. तुला समोरचं दार दिसत असतं, वीस पावलांवर, आणि पोलीस तुला पूर्ण वळसा घालायला लावतो. आपला मराठी स्वभाव अशा वेळी उसळतो. इथूनच तर जायचंय हो! तिथे उसळू नकोस. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री शांघायच्या नदीकाठी जिन्यावर वर जाणारे आणि खाली येणारे लोक एकमेकांत अडकले आणि ३६ जण गेले. आपण २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर तेच पाहिलं, २३ माणसं. दोन्ही ठिकाणी जिना होता आणि समोरासमोर आलेली गर्दी होती. त्यामुळे तो पोलीस तुला वळसा घालायला लावतो तेव्हा निमूट घाल. मेट्रोही कधीकधी घंटाघराला न थांबता पुढे जाते, घोषणा होते, दारं उघडत नाहीत. एक स्टेशन पुढे उतर आणि चालत ये. पाठीवरची बॅग पोटाशी घे, आणि कुठल्याही जिन्यावर फोटोसाठी थांबू नकोस. माझे गर्दीचे नियम एवढेच.

घंटाघराजवळच्या ढोलघराच्या मागची खाऊगल्ली तुला सगळे सांगतील. ती बघ, पण खाऊ नकोस. तिच्या पश्चिमेला साजिनछ्याओ नावाचा रस्ता आहे, तिथे ह्वे मुसलमान मंडळी स्वतः खातात. तुझ्या कामाची एक गोष्ट सांगते. त्या वस्तीत डुकराची चरबी स्वयंपाकात नसते, त्यामुळे सुझौसारखं भाजीतून अचानक काही निघत नाही. पण मटणाचा रस्सा सगळीकडे असतो. ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे, एवढं पुरत नाही. ‘रौ-थांग पू-याओ’, मांसाचा रस्साही नको, हे जोडून सांग. ल्यांगफी नावाच्या थंडगार, व्हिनेगर-तिखटातल्या पट्ट्या तुला नक्की चालतील. चंग-गाव म्हणजे खजुरासारखी लाल फळं घालून वाफवलेला चिकट भात, आपल्या साखरभाताचा लांबचा भाऊ. आणि यौफो म्येन मागव. कमरपट्ट्याइतक्या रुंद शेवया वाडग्यात, वर लाल तिखट आणि लसूण, आणि त्यावर तुझ्यासमोर कडकडीत तेल ओततात. चर्रर्र असा आवाज होतो आणि जो वास उठतो, त्याने मला पहिल्यांदा खाल्लं तेव्हा भर दुकानात डोळ्यांत पाणी आलं. आठ महिने फोडणीचा वास नव्हता ना घेतला. तिखटाला दोष देऊन वेळ मारून नेली.

ऑक्टोबरात तिथे डाळिंबंही असतात. मातीचे सैनिक ज्या लिनथोंग भागात आहेत तिथलीच, रस्त्याकडेला ढीग. सोलापूरची भगवी खाल्लेल्या जिभेने उगाच तुलना करू नये, पण मी केली आणि सोलापूर जिंकलं.

राहिला ह्युएनत्संग. मोठा हंस मनोरा, दा-यान-था, हा ६५२ साली त्याने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी बांधला. तो ६४५ मध्ये परतला, ६५७ ग्रंथ घेऊन. मनोऱ्याभोवती संध्याकाळी रोषणाई, कारंजी, थांग काळातले पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्या हजारो मुली, सगळं असेल. छान असतं, अर्धा तास बघ. पण तुला ह्युएनत्संग भेटायचा असेल तर ३ तारखेला सकाळी शहराच्या आग्नेयेला शिंगज्याओ मंदिरात जा. टॅक्सीने पाऊण-एक तास. ६६४ मध्ये तो गेला, आणि ६६९ मध्ये त्याच्या अस्थी इथे आणून ठेवल्या. पाच मजली विटांचा मनोरा, दोन्ही बाजूंना दोन शिष्यांचे छोटे मनोरे, सायप्रसची झाडं. २०१४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तरी मी गेले तेव्हा सुवर्ण आठवड्यातही आवारात पंधराएक माणसं होती. शहरात माणसांचा समुद्र आणि इथे अंगण झाडणाऱ्या भिक्षूच्या खराट्याचा आवाज. परतीची टॅक्सी तिथे सहज मिळत नाही, म्हणून नेणाऱ्यालाच तासभर थांबायला सांग आणि भाडं आधी ठरव.

हा माणूस आपल्याकडे, महाराष्ट्रात येऊन गेलेला. पुलकेशीच्या राज्यात, ६४१ च्या सुमारास. आपल्याबद्दल त्याने लिहून ठेवलंय की लोक साधे, सरळ आणि मानी आहेत. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. बदला घ्यायचा असेल तर समोरच्याला आधी कळवतात, तो शस्त्र घेईपर्यंत थांबतात आणि मग लढतात. तेराशेहून जास्त वर्षं झाली, माझ्या माहेरच्या भाऊबंदकीत अजून हीच पद्धत आहे.

आता सासूबाई. त्यांच्या प्रश्नाला ‘चीनमध्ये सगळं सुरक्षित असतं’ हे उत्तर देऊ नकोस. ते बऱ्याच अंशी खरं आहे. रात्री दहाला मेट्रोतून एकट्या बायका झोपा काढत जातात, हे तूही पाहतेस. तरी सासूबाईंना चीनची आकडेवारी नकोय, तुझा ठावठिकाणा हवाय. त्यांना व्हॉट्सॲप पटकन लागत नाही म्हणून अर्धी काळजी वाढते. इथे बंद असलेली ॲप उघडून देणारं व्हीपीएन नेमकं अशा गर्दीच्या दिवसांतच दगा देतं. नवऱ्याला वीचॅटवर ठिकाण पाठवत राहा आणि त्याने पुढे घरी कळवायचं, ही त्याची ड्यूटी लाव. म्हणजे त्याच्या ‘तुझं तू ठरव’लाही काही काम मिळेल. आणि रोज रात्री तिथल्या नऊला एक कॉल, भारतात तेव्हा साडेसहा. दिवेलागणीला सून दिसली की सासूबाई निवांत. पहिल्या दिवशी त्यांना भोवरेवाले आजोबा दाखव, पुतळे नकोत.

एकटीने फिरताना एकच सावधगिरी मी खरंच सांगेन. छान इंग्रजी बोलणारे, ‘आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी, चल चहा घेऊ’ म्हणणारे कुणी आपणहून भेटले तर गोड हसून निघ. चहाचं बिल चार आकडी येतं. याउलट एखादी आजी हात धरून तुझ्यासोबत फोटो मागेल, कपाळावरची टिकली कशाने चिकटवली म्हणून विचारेल. तिथे वेळ दे. एक टिकल्यांचं पाकीट जास्तीचं ने, वाटायला मजा येते.

बॅगेत टिश्यूचं पाकीट, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहात कागद नसतो आणि बायकांची रांग तिथेही आपल्याएवढीच असते. तीनशे युआन रोख. पासपोर्ट स्वतः, झेरॉक्स चालत नाही. मोबाइलची बॅटरी संपली तर दुकानादुकानांत भाड्याच्या पॉवरबँक असतात, पण त्यांना स्कॅन करायलाही थोडी बॅटरी लागते, म्हणून वीस टक्क्यांवर आलीस की थांब. गाडीत प्रत्येक डब्यात उकळतं पाणी असतं. पुण्याहून कुणी येणार असेल तर गरम पाणी ओतायचे तयार पोहे मागवून ठेव. सकाळी सहाला, खिडकीबाहेर पिवळी माती दिसायला लागली की तुला त्यांची आठवण येईल.

शिंगज्याओहून परत आलीस की मला कळव, तो खराट्याचा आवाज अजून आहे का. आणि पासपोर्टची पडताळणी आज रात्रीच पाठव, हे पत्र वाचून झाल्या झाल्या.

तुझी,
ताई